नऊ खुरपी

४ ऑगस्ट
चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून तुझं पोट सुटलंय असं ऐकते. अभिनंदन. पण लेबलं चिकटवायला तू ज्या नऊ बायका घेतल्यास, त्या माझ्या खुरपणीच्या होत्या. मुकादमीणबाईंनाही सोडलं नाहीस. आता मी आणि शेजारची सासू-सून, एवढ्यांवर सगळा कांदा आहे. निम्म्या वावरात तण कांद्याच्या डोक्यावर गेलंय. यंदा पीक हातचं गेलं तर वावर गोदामाला द्यायचं काकांनी ठरवलंय. मला ते मुळीच द्यायचं नाही.
लोभ आहेच, राग ओसरल्यावर वाढवीन.
तुझी ताई

८ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न. वि. वि. शिव्या पोचल्या. नऊ जणींना मी बांधून नेलं नाही. महिन्याचा पगार आणि डोक्यावर छप्पर पाहून त्या आपल्या पायांनी आल्या. माणसं नाहीत म्हणून रडत बसू नकोस, पद्धत बदल. आमच्याकडे पगाराखेरीज नगामागे जादा पैसे सुरू केले आणि काम दीडपट झालं. तूही दिवसाचा रोज देऊ नकोस, ओळीमागे मजुरी दे. पलीकडच्या वस्तीवरून माणसं धावत येतील.
काकांना नमस्कार. लोभ असावा, निदान कांदा निघेपर्यंत.
तुझा धाकटा

२२ ऑगस्ट
चि. धाकट्यास,
अ. उ. आ. माणसं धावत आली आणि सकाळी दहाच्या आत काम उरकून धावत गेली. वावर लख्ख दिसत होतं. मी गावभर तुझं कौतुक केलं. आठ दिवसांत तण पुन्हा वर. नुसतं वरवर छाटलेलं, मुळं जागच्या जागी. उंटावरून शेळ्या हाकणारा भाऊ आणि त्याचं ऐकणारी मी!
काल मुकादमीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तू ओळी मोजल्यास, ओळी मिळाल्या. मुळं कुणी मोजली?" त्यांना नोकरी सोडायची नाही, आणि का सोडावी? पण दोन महिने शिफ्ट दुपारी सुरू झाली, तर नऊही जणी सकाळी रोजावर येतील. आता तुझ्या साहेबांपुढे तोंड उघड.
वाट पाहणारी,
ताई

१८ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि. रविवारी येऊन गेलो, पण समोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. नऊ जणींनी मुळासकट खुरपलेलं वावर पाहून काकांनी बांधावरूनच गोदामवाल्याला नाही म्हणून टाकलं, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पाहिलं.
शिफ्टचं बोललो तेव्हा साहेबांनी आधी हजेरीपट काढला. दर वर्षी खुरपणीच्या या दिवसांत निम्म्या बायका पोटदुखीने गैरहजर. मी दर वेळी पगार कापला होता, चौकशी कधी केली नव्हती. शिफ्ट दुपारची केल्यापासून एकीचंही पोट दुखलेलं नाही. आमच्याकडेही मुळं कुणी मोजत नव्हतं, म्हणून मुकादमीणबाईंना लेबलांवरून काढून माल तपासायला बसवलंय.
नोकरीवर घेताना मी त्या नऊ जणींना विचारलं होतं, वाचता येतं का, आठ तास उभं राहता येईल का. आजवर कोणतं काम केलंत, हे एकीलाही विचारलं नाही. लहानपणापासून त्यांनीच खुरपलेल्या शेतातलं खात आलो होतो, ताई.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा