आधी तू उचल

चारकोप, कांदिवली पश्चिम
रविवार दुपार (जेवण झालेलं आहे, म्हणून अक्षर बरं आहे)

ती. वसूताईस,

धाकट्या सुबोधचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? अंबादासभावोजींचा मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच? बडोद्यात ऊन कडक असेल, तेव्हा दुपारी गच्चीवर पापड राखायला बसू नकोस, कावळ्यांना चार खाऊ देत. मी ठीक आहे. साखर थोडी वर गेली आहे, पण ती दर होळीला जाते, पुरणपोळीचा परिणाम. पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. परवासुद्धा तू एवढंच म्हणालीस की, 'सुबोध, मला त्या घरातलं काही नको, संमतीचा कागद पाठवते, सोबत हक्कसोडपत्रपण लिहून पाठवते, एकदाचं संपव,' आणि मग 'ठेवते, कुकर लावलाय.' तुझा कुकर बरोबर माझ्या बोलण्याच्या वेळेला कसा लागतो ते मला कळत नाही. त्या 'काही नको'वर मला बोलायचं आहे. पण आधी इथली हकीकत ऐक, म्हणजे मी कुठल्या मनःस्थितीत आहे ते तुला समजेल.

तर आईच्या मृत्युपत्राचं प्रोबेट अजून आलेलं नाही. ती गेल्याला दुसरी होळी झाली. प्रोबेट म्हणजे काय असं भावोजी विचारत होते, त्यांना सांग की हे मृत्युपत्र खरोखरच रत्नप्रभाबाईंचं आहे असं कोर्टाने शिक्का मारून म्हणणं. (आई जन्मभर जे म्हणाली ते खरं मानायला आपल्याला कधी शिक्का लागला नाही, लाटणं पुरायचं.) आपल्या वकीलबाई गंधाली, पार्ल्याच्या, वयाने तुझ्या ऋतिकाएवढ्या असतील, पण हुशार आहेत. त्या म्हणतात की साधं मृत्युपत्र असतं तर एव्हाना काम झालं असतं. पण आईने ते साधं ठेवलंय कुठे? रूम दोघांची, इथवर ठीक होतं. पुढे तिने लिहिलं, 'घरातल्या सामानाचे सुबोधने दोन वाटे घालावे आणि वसूने आधी उचलावा. भांडू नये. भांडल्यास शिवदासभावजींनी दोघांचे कान पिळावे.' कोर्टाला या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणारे गृहस्थ फार प्रामाणिक निघाले, त्यांनी कानासकट सगळं इंग्रजीत नेलं. तिकडून शेरा आला की या शिवदास नामक व्यक्तीस मृताने नेमके कोणते अधिकार दिले आहेत त्याचा खुलासा करावा. वकीलबाई आधी खूप हसल्या आणि मग डोकं धरून बसल्या. शेवटी ही केवळ मातेची इच्छा आहे, अट नव्हे, असं काहीतरी लिहून त्यांनी कान सोडवून घेतले.

तो खुलासा मार्गी लागतो तोच साक्षीदाराची पाळी आली. आईने सही केली तेव्हा शिवदासकाका हजर होते, तसं त्यांनी शपथेवर सांगायचं होतं. काका म्हणजे आपल्या बाबांबरोबर गिरणीत एकाच खात्यात होते तेच, आता ऐकायला कमी येतं, पण उत्साह गिरणी चालू असल्यासारखा. मी त्यांना सहा वेळा समजावलं की साहेब विचारतील ही सही तुमची का, तुम्ही हो म्हणायचं, बस. रिक्षात बसेपर्यंत त्यांना पटलेलं होतं. पण कोर्टात मोठं टेबल, मागे उंच खुर्ची, खुर्चीत गंभीर चेहऱ्याचे साहेब, असं पाहिल्यावर काकांनी दाराबाहेर चपला काढल्या, टोपी सरळ केली, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या रत्नप्रभान आपल्या हातान, शुद्धीत रवान, माझ्या डोळ्यादेखत सही केलीहा. तेच्यात काय एक खोटा नाय. जो कोण आडो येयत तेका बाजूक कर, आणि ह्या पोरांचा काम मार्गाक लाव रे म्हाराजा.' ताई, मी जमिनीत जायला जागा शोधत होतो. आणि तेवढ्यात मागच्या बाकावर आपापल्या कामासाठी ताटकळलेले जे कोणी पाचसात होते (त्यातले निम्मे तरी आपल्याच कोकणातले असणार), त्यांच्या तोंडून सवयीने एकसाथ निघालं, 'होय म्हाराजा.' वकीलबाईंनी फायलीत तोंड घातलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शांतपणे विचारलं, सही तुमचीच ना? काका म्हणाले, 'होय म्हाराजा.' तेवढं काम मात्र त्या दिवशी झालं. परतताना काकांनी मला बजावलं की गाऱ्हाण्याचा नारळ राहिला आहे, तो तू विसरू नकोस.

आता घरातलं सांगतो. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की प्रोबेट येईपर्यंत मालमत्ता आहे तशी ठेवा, काही विकू नका, कोणाला देऊ नका. तू मला ओळखतेस, मी ते अगदी मनावर घेतलं. आईचा चष्मा फ्रिजवर होता, तो फ्रिजवर आहे. खुंटीवरचं हिरवं लुगडं खुंटीवर आहे. गणपतीत शेजारच्या अस्मितावहिनी नेहमीप्रमाणे आईचं मोदकपात्र मागायला आल्या, तर मी त्यांना दारातच सांगितलं की वहिनी, मोदकपात्र सध्या न्यायप्रविष्ट आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग परत गेल्या आणि संध्याकाळी इडलीपात्रात उकडलेले मोदक माझ्यासाठी पाठवून दिले. जरा बसके होते, पण एवढं लाजून मी मोदक कधी खाल्ले नव्हते. आईच्या शेवटच्या मसाल्याची बरणीसुद्धा तशीच आहे. वरच्या फळीवरची, फडक्याने तोंड बांधलेली. मी तिला हात लावत नाही, फक्त रविवारी फडकं सोडून वास घेतो. (वास घेणं म्हणजे वापरणं नव्हे. मी वकीलबाईंना विचारून घेतलंय.) पण ताई, वास उतरत चाललाय. पहिल्यांदा ठसका लागायचा, आता नाक आत घालावं लागतं. रंगही विटला. मसाला कसा करायचा ते आईने कधी कोणाला सांगितलं नाही, मिरच्या भाजताना ती आपल्याला बाहेर हाकलायची. तू मात्र दारातून बघत उभी राहायचीस आणि खोकत खोकत 'आता धणे, आता त्रिफळं' असं मोठ्याने म्हणायचीस.

नुसतं बसून काय करायचं म्हणून मी आईच्या हुकमाप्रमाणे वाटे घालायला घेतले. हलवायचं काही नाही, फक्त नजरेने. आपल्या घरातली ही जुनीच पद्धत, लालबागच्या खोलीपासूनची. एकाने वाटे घालायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. जत्रेचं खाजं असो, फणसाचे गरे असोत, तेच. तुला आठवत असेल, बाबांचा पगार व्हायच्या आधीच्या आठवड्यात आपल्या दोघांत मिळून एक बांगडा यायचा आणि मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसायचो. आई सांगायची, मेल्या, तो बांगडा आहे, भूमिती नव्हे. कितीही मोजलं तरी डोक्याकडचा वाटा जाड आणि शेपटीकडचा बारीक व्हायचाच, आणि मी जीव मुठीत धरून बसायचो, कारण आधी तू उचलणार. आणि तू दर वेळी शेपटी उचलायचीस. 'मला शेपटीकडचाच आवडतो.' मला बरीच वर्षं प्रामाणिकपणे वाटायचं की आपली ताई अभ्यासात हुशार असली तरी माशातलं तिला काही कळत नाही.

पण सामानाचे वाटे बांगड्यापेक्षा अवघड आहेत. पाटा एका वाट्यात घातला तर वरवंटा दुसऱ्यात जातो. तू बडोद्यात वरवंटा घेऊन काय करणार, भावोजींना धाक दाखवणार? आडाळो (तुमच्या तिकडे विळी म्हणत असतील) माझ्या वाट्यात ठेवला तर नारळ कोण खवणार, माझी पाठ आडाळ्यावर बसल्यावर उठत नाही. बाबांच्या भजनाच्या टाळांपाशी तर मी हरलो. न्यायाने एक टाळ तुझा, एक माझा. म्हणजे तू तिकडून वाजवायचा आणि मी इकडून, आणि मधल्या सगळ्या स्टेशनांना ऐकू यायचं. रोज दुपारी मी या खोलीच्या मधोमध उभा राहून आईच्या संसाराचे दोन तुकडे करतो, आणि रोज एक तुकडा लंगडा निघतो.

आणि अशा वेळी तुझा फोन येतो की मला काही नको. ताई, खरं सांगू का, मला राग आला. तुझा हेतू चांगला आहे, सुबोध एकटा आहे, राहू दे त्याला डोक्यावर छप्पर, असं तुझ्या मनात आहे, ते मला समजतं. भावोजींनीही मोठ्या मनाने होकार दिला असणार. पण हक्क सोडलास की तू या घरी कशाला येशील? मोठ्या भावाचं घर असतं तर वहिनीने तरी बोलावलं असतं. मी लग्न केलं नाही, (तू दाखवलेल्या मुलींना दोष नाही, सगळ्या चांगल्या होत्या, मीच घाबरलो) त्यामुळे इथे तुला बोलावणारी आईच होती. ती गेल्यापासून तू एकदाही आलेली नाहीस. दर वेळी गुडघे, कुकर, पापड. मी समजून घेतो. रिकाम्या घरी कोणाला यावंसं वाटेल? मलाही बाहेरून येऊन कुलूप उघडताना रोज नको वाटतं. पण तू कागद पाठवून मोकळी झालीस की हे माहेर कायमचं संपलं, आणि मग मी इथे एका रूमचा मालक होऊन बसेन. मला मालक व्हायचं नाही. मला कोणीतरी 'सुबोध, मेल्या, पंखा बंद कर' म्हणणारं हवंय.

असो. भावनेच्या भरात वाहवत गेलो. मोठ्या बहिणीला मी काय सांगणार? कामाचं लिहून संपवतो. संमतीचं प्रतिज्ञापत्र वकीलबाईंनी तयार केलंय, ते सोबत जोडलं आहे. तुला इतक्या लांब यायची काही गरज नाही. बडोद्यातच नोटरीसमोर सही करायची, दोन फोटो लावायचे आणि कुरियरने पाठवायचं. हक्कसोडीचं तुला योग्य वाटेल तसं कर. भावोजींना नमस्कार, ऋतिकाला आशीर्वाद, गुडघ्यांना तेल.

तुझा धाकटा,
सुबोध

ता. क. वर सोबत जोडलं आहे म्हणून जे लिहिलं ते मी जोडलेलं नाही. पाकिटात शोधत बसू नकोस. प्रतिज्ञापत्र इथे फ्रिजवर आईच्या चष्म्याखाली ठेवलं आहे. सही करायची तर इथे येऊन कर. कोर्टाबाहेर टेबलं टाकून बसलेले नोटरी बडोद्याच्या नोटरीपेक्षा काही वाईट नाहीत. येताना तुमच्या बडोद्याचा तो ओलसर लीलो चिवडो आण, माझ्यासाठी नको, अस्मितावहिनींसाठी, त्या मोदकपात्राचं मिटवायचं आहे.

ता. क. दुसरा. मे महिन्याच्या सुरुवातीला आलीस तर मिरच्या उन्हात घालायला सापडतील. मी दारात उभा राहून खोकेन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा भावोजींनी हौसेने सुरमई आणली होती आणि तुझ्या पानात शेपटी वाढली. तू ती काढून ठेवलीस आणि म्हणालीस, 'शेपटी कोण खातं, नुसते काटे.' मी समोरच बसलो होतो. भात कालवत राहिलो. तर ताई, वाटे आज घालून झाले. एका वाट्यात रूम, पाटा, वरवंटा, आडाळो, दोन्ही टाळ, मोदकपात्र आणि मसाल्याची बरणी. दुसऱ्या वाट्यात सुबोध, साखर वाढलेला, कंबर न वाकणारा. पट्टी लावलेली नाही. आईच्या नियमाप्रमाणे आधी तू उचल, आणि शेपटीकडचा वाटा कुठला ते तुला सांगायला नको.