न आरवलेला कोंबडा

३ मार्च
कोंबडा आणला. दोन महिन्यांचा, काळा, पायही काळे. विकणारी म्हणाली, "नर की मादी ते तुमचं तुम्ही बघा, मामा. नंतर भांडायला यायचं नाही." पायाची नळी व्हर्नियरने मोजली. ९.४ मिलिमीटर जाड. नरच! हे मला कुणी शिकवलं नाही. स्कूटरचं इंजिन तरी कुणी शिकवलं होतं?

माझा पोरगा काइशुन बारा वर्षांचा आहे. त्याचा आवाज फुटला की त्याच आठवड्यात औषधी मुळ्या घालून कोंबडा शिजवायचा. दार लावून एकट्याने संपवायचा. मग उंची भराभर वाढते. अट एकच – कोंबडा तोवर आरवलेला नसावा.

माझ्या वेळी बाबा मासेमारीच्या बोटीवर होते. तुंगकांग बंदरात परत आले तेव्हा माझा आवाज फुटून सात महिने झाले होते. शेवटपर्यंत ते त्यांना लागून राहिलं. माझी उंची १५८.३ सेंटिमीटर. वरचे तीन मिलिमीटर धरलेच पाहिजेत.

५ मार्च
मुळ्यांसाठी लाइकाकूंच्या जडीबुटीच्या दुकानात. मी म्हणालो, अजून दोन वर्षं आहेत, पण तयारी असावी.
"दोन वर्षं? अरे, हल्ली सहावीतली पोरं येतात. पाचवीतलीसुद्धा! तैपेईचे डॉक्टरही तेच सांगतात."
माझा आवाज चौदा वर्षं दहा महिन्यांनी फुटला, बाबांचा सोळाव्या वर्षी. तसं सांगितलं.
"तुझा बाप रताळ्यांवर वाढला. तुझा पोरगा रोज तळलेली कोंबडी हाणतो!"
घरी येऊन पुडी तोलली. दोन ग्रॅम कमी.

२ एप्रिल
दाराच्या चौकटीवर काइशुन – १५१.६. जानेवारीत १४८.५ होता. टेप तपासली. टेप बरोबर आहे. चौकट खचली असावी.

१९ एप्रिल
हिचं म्हणणं, पोराच्या ओठावर लव दिसते. सोया सॉस! पुसायला लावलं. गेलं नाही. जुना डाग.
हिचं दुसरं म्हणणं, कोंबड्याचा तुरा फारच लहान आहे. हिला काय, काहीही दिसतं.

११ मे
काइशुन हल्ली बोलत नाही. "भात वाढू?" – मान. "शाळेत काय झालं?" – मान. पिंजऱ्यापाशी मात्र तासन्‌तास उकिडवा. रताळ्याचा पाला भरवतो. कोंबड्याचं नाव ठेवलंय – शाई. मी म्हणालो, शिजवायच्या जनावराला नाव ठेवू नये. त्याने आणखी एक पान भरवलं.

२९ मे
घोर लागला आहे. तुरा लाल व्हायला लागला – म्हणजे आता कधीही आरवेल! आणि पोराच्या गळ्याला अजून जाग नाही. "आ कर. म्हण, आऽऽ!" शिंकला. शिंक जाड वाटली. पंख्याची घरघर असेल.

१२ जून
१५४.९!! चौकट इतकी खचत नाही. लाइकाकूंना फोन.
"सहा सेंटिमीटर वाढला, वर मुका? अरे शहाण्या, आवाजाची वाट कसली बघतोस? रविवारी शिजव!"
काइशुनला सांगितलं. डोळे भरले. ही म्हणाली, "बाळा, काय ते बोल तरी." त्याने तोंडावर हात घट्ट दाबून धरला.
"तुझ्यासाठीच करतोय," मी म्हणालो. "माझ्यासाठी करायला वेळेवर कुणी नव्हतं."
मान हलवली. आडवी.

१५ जून, रविवार
पहाटे ४.५० – आरवला! सूर वर चढला, मध्येच फाटला, घोगरा होऊन खाली आपटला. पहिली खेप, तरणे कोंबडे असेच चाचपडतात. सुरी परत ठेवली. नियम म्हणजे नियम.
मागीलदारी गेलो तर काइशुन आधीच पिंजऱ्याशी, कान लालभडक. ही उशीत तोंड खुपसून हसत होती. कशाला, ते विचारलं नाही.
मुळ्या डब्यात भरल्या. दुसरा कोंबडा बघणं आलं. बरं झालं, पोरगं अजून लहान आहे.

१८ जून
पिंजऱ्यात अंडं. ५१.४ बाय ३८.७. दोनदा मोजलं.
काइशुनला हाक मारली. "शाईने अंडं घातलंय."
"हो, बाबा," तो म्हणाला.
हुबेहूब माझ्या बाबांचा आवाज.