पाहुण्यांसाठी योग्य स्थळ

३ मार्च, सोमवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. रिटायर झाल्यापासून दिवस कुठे जातात कळत नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या आणि स्वतःचा दिवस तपासता येऊ नये, हे शोभत नाही.

मुख्य नोंद: घरात कुत्रा आला आहे. तात्पुरता! सोडून दिलेल्या कुत्र्यांची संस्था चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या. त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट मी एकदा फेल केली होती, तेव्हापासून मला मानतात. म्हणाल्या, हे म्हातारं जनावर आहे, संस्थेतली पिल्लं त्याला झोपू देत नाहीत, घर मिळेपर्यंत सांभाळाल का? मी म्हटलं, सांभाळतो, आणि घरही मीच शोधून देतो. आठ दिवसांत. त्या नुसत्या बरं म्हणाल्या. लोकांना कामाचा माणूस ओळखता येत नाही.

वर्णन: नर. तपकिरी. तोंड पांढरं झालेलं. एक कान अर्धाच. मागचे पाय कच्चे. नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस अडकतो. उल्लेख करायची वेळ आलीच तर 'पाहुणे' म्हणावं.

पाहुण्यांचा मुक्काम गॅलरीत. घरात प्रवेश नाही.

४ मार्च
पाहुणे स्वयंपाकघराच्या दाराशी. गॅलरीत वारा फार. सर्दी झालेला कुत्रा कोण पत्करणार? हा व्यवहार आहे, माया नव्हे.

पाहुण्यांना जिना चढवत नाही. उचलून तिसऱ्या मजल्यावर आणावं लागतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. उत्तम व्यायाम. लिफ्ट बंद आहे. ती मीच बंद करायला लावली. गेल्या वर्षी दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या, मी सरळ ऑफिसला कळवून सील ठोकायला लावलं. सोसायटीचा सेक्रेटरी तेव्हा गयावया करत होता, दोर बदलेपर्यंत महिनाभर तरी कळवू नका म्हणून. तत्त्व म्हणजे तत्त्व. आज तोच जिन्यात भेटला. मी पाहुण्यांना कडेवर घेऊन धापा टाकत होतो. काय साहेब, व्यायाम का, म्हणाला. मी म्हटलं, अर्थात. त्याने भिंतीला चिकटून वाट दिली. जरा जास्तच आदराने.

५ मार्च
पद्धत ठरली. लिफ्टची तीच घराची. एक दोष निघाला की सील. बाकी सगळं चांगलं आहे हो, असं लिफ्ट पडल्यावर म्हणून चालत नाही.

डॉक्टरीणबाईंना फोनवर नियम सांगितले. पाहुण्यांना जिना नको, असलाच तर लिफ्ट चालू पाहिजे. घरात दिवसभर माणूस पाहिजे. आणि तो माणूस असा धडधाकट पाहिजे की वेळ आली तर यांना उचलून दवाखान्यात नेईल. बाईंनी विचारलं, कुणाला सूट वगैरे? मी म्हटलं, सख्ख्या भावालाही नाही. त्या म्हणाल्या, नियम चांगले आहेत, आता सगळ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांना हेच लावते. शेवटी गुणांची कदर झाली म्हणायची.

९ मार्च, रविवार
स्थळ पहिलं. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. बंगला, बाग, झोपाळा. दिवसभर घरी. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मी फाटकाची कडी हलवून पाहिली. सैल. फेल. शिवाय त्यांनी विचारलं, राखण करेल ना? पाहुणे आणि राखण! परवा पेपरवाला आत येऊन पाणी पिऊन गेला, यांनी कूस बदलली.

गृहस्थ म्हणाले, कडी आत्ता बसवून घेतो. मी म्हटलं, आज कडी सैल, उद्या काय? ते बघतच राहिले.

१२ मार्च
आठ दिवस होऊन गेले. कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवतो: घाई मी करत नाही. घाईत पास केलेल्या लिफ्ट मी पाहिल्या आहेत.

पाहुणे आता रात्री माझ्या खोलीत, पलंगाला लागून. घोरण्याचा आवाज तपासण्यासाठी. नव्या घरी आधी सांगावं लागेल ना. माझी जुनी चादर अंथरली आहे. सकाळी उठताना पाय उंच उचलून त्यांच्या पलीकडे टाकावा लागतो. मोठी गैरसोय.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्हीच का नाही ठेवून घेत? मी असा कडाडलो! पाहुणे दचकून जागे झाले, म्हणून बाकीचं हळू आवाजात कडाडलो. तिला ऐकू गेलं नसावं, कारण ती हसत होती.

१६ मार्च, रविवार
स्थळ दुसरं. तरुण जोडपं, दोघं शिक्षक, एकाची शाळा सकाळची, दुसऱ्याची दुपारची. बरं वाटलं. पण दुसरा मजला, लिफ्ट नाही. दारातच फेल. तरी त्यांनी चहाला बसवलं. ती मुलगी सरळ फरशीवर बसली आणि पाहुण्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. निकालाशी याचा काही संबंध नाही. पण इतक्या लवकर ठेवायची गरज नव्हती.

नवरा म्हणाला, उचलून नेत जाईन की. मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात, एक दिवस कंबर धरते आणि मग जनावराचे हाल. चांगलं सुनावलं. परत येताना तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबलो. चप्पल नवी आहे.

१७ मार्च
पाहुण्यांना अंडं आवडतं. पिवळं आधी.

२० मार्च
काय हे धाडस! तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई स्वतःच म्हणाल्या, काका, मला द्या. जाता-येता पाहुणे त्यांच्या दाराशी बसतात, त्या बिस्किट घालतात, म्हणजे पाणी इथे मुरतंय तर. तपासणी मात्र निःपक्षपातीपणे केली. मशीनचा आवाज. जमिनीवर कात्रणं. आणि टाचण्या! पायात घुसली म्हणजे? फेल.

त्या म्हणाल्या, टाचण्या मी रोज लोहचुंबकाने उचलते. मी म्हटलं, नियमात बसत नाही. कुठल्या, म्हणाल्या. चौथ्या, मी म्हटलं. तो तिथेच उभ्या उभ्या केला.

आणखी एक. ताईसुद्धा कुत्र्याला 'पाहुणे' म्हणतात. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाल्या, सगळी बिल्डिंग ऐकते ना, तुम्ही जिन्यात म्हणता, चला पाहुणे, एकच मजला राहिला. आणि त्या हाक मारतात तेव्हा ते वळून बघतात. मी नाव ठेवलेलं नाही, हे इथे स्पष्ट करतो.

२५ मार्च
निर्णय! शहाण्यासारखं घर या गावात शिल्लक नाही हे सिद्ध झालं आहे. तेव्हा नाइलाजाने, केवळ नाइलाजाने, पाहुण्यांना मीच ठेवून घेणार. मऊ गादी आणली. नवी वाटीही आणली, तळाला रबर असलेली, घसरत नाही. परवा डॉक्टरीणबाईंना कळवतो. गहिवरतील बिचाऱ्या.

२७ मार्च
नाकारलं. मला!

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा मजला कितवा हो? मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी. त्या म्हणाल्या, सख्ख्या भावालाही नाही म्हणाला होतात. आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, असं झालं. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी पाहुण्यांचे पाय दाबून पाहिले. म्हणाल्या, जिन्यातल्या हिसक्यांनी कंबर आणखी दुखावतेय त्याची. जिना नकोच, तुमचा नियम खरा आहे.

नियम खराच आहे. मीच केला होता.

तरी मी माघार घेणार नाही. अपील करणार. कुणाकडे ते ठरवायचं आहे.

२८ मार्च
सेक्रेटरीला गाठलं. लिफ्ट ताबडतोब चालू करा म्हटलं. तो म्हणाला, साहेब, नवा दोर पडल्याशिवाय सील निघत नाही, तुम्हीच तर सांगितलं होतं. मग टाका दोर! म्हणाला, कमिटीत विषय निघाला होता, पण आता सगळ्यांना जिन्याची सवय झाली. उत्तम व्यायाम होतो.

ठीक आहे. हिसका न देता चढेन. पाहुणे जगतील तितकी वर्षं चढेन. बघतोच मला कोण अडवतं!

३० मार्च, रविवार
आडवं पडून लिहितो आहे.

पहिल्या मजल्याच्या वर कंबरेत उसण भरली. पाहुण्यांसकट पायरीवर बसलो. उठता येईना, त्यांना खाली ठेवताही येईना. त्यांचा पाय माझ्या मांडीखाली दुमडला होता आणि मला हलता येत नव्हतं. ते ओरडले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मीही ओरडलो, मदतीसाठी नव्हे, सहज.

शिवणवाल्या ताई धावत आल्या, गळ्यात टेप तसाच. त्यांनी पाहुण्यांना अलगद उचललं आणि खाली नेलं. मला सेक्रेटरीने वर पोचवलं. वाटेत एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

कंबर ठीक आहे. फक्त वाकत नाही, आणि सरळ होत नाही.

३१ मार्च
सेक्रेटरी सांगून गेला, पाहुणे मशीनशेजारीच झोपतात. त्या आवाजाने त्यांना म्हणे छान झोप लागते.

माझ्याकडे आवाज नव्हता. हे आधी कळलं असतं तर रेडिओ लावला असता.

२ एप्रिल
काठी घेऊन, कठडा धरून खाली उतरलो. स्थळ तिसरं, फेरतपासणी. मी म्हटलं, ओळख-बिळख काही नाही, नियमाप्रमाणे होईल. ताई म्हणाल्या, करा काका. जिना नाही. दिवसभर माणूस घरात. कापडाचे गठ्ठे उचलतात, म्हणजे पाहुणे उचलतीलच. फरशी लखलखीत. मी लोहचुंबक मागून घेतला आणि काठीला बांधून कानाकोपऱ्यातून फिरवला. पाहुणे नव्या गादीवरून बघत होते. गादी मीच सकाळी पाठवली होती. पडून होती म्हणून.

कपाटाखाली एक टाचणी सापडली.

एक दोष म्हणजे सील. जन्मभर पाळलं. भलेभले हात जोडत आले, ऐकलं नाही.

ताई कापड बेतण्यात गुंतल्या होत्या. मी टाचणी खिशात टाकली.

पास. दोष शून्य. डॉक्टरीणबाईंना तसं कळवलं.

३ एप्रिल
अपेक्षा अशी की पाहुणे आज अन्नाला तोंड लावणार नाहीत. कागदोपत्री घर बदललं की जनावराला समजतं. हाक आलीच तर असावी म्हणून काठी पलंगाशी ठेवली. ताईंना बजावलं आहे, संकोच करू नका, बोलवा.

५ एप्रिल
हाक नाही. शेवटी मीच विचारलं. ताई म्हणाल्या, छान जेवतात हो, वाटी चाटून पुसून, वर माझ्यातलं मागतात. आनंद झाला. होणारच. स्थळ कुणी पास केलं?

मी जेवलो नाही. एकट्यापुरतं अंडं काय उकडायचं. शिवाय हवा बदलली आहे.

७ एप्रिल, सोमवार
कंबर बरी. आज उठताना पाय उंच उचलून पलीकडे टाकला.

खाली कोणी नव्हतं. चादर तेवढी होती.

सवय आहे. आठ दिवसांत जाईल.