एका सहीचं कार्यालय

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

नाही म्हणजे नाही. तपासणी कार्यालयाला मी दोन खुर्च्या काढणार नाही.

सकाळी प्राक काकांनी बोलावलं. ते आमचे मुख्य सचिव, मी त्यांचे मसुदे करणारी. म्हणाले, "थाविन, राजसरकारच्या मंत्रिमंडळाच्या सगळ्या कचेऱ्यांचा तक्ता तू काढायचास. प्रशासन, नोंदणी, शिष्टाचार, तपासणी. कोण कुणाच्या हाताखाली, कुठे कुणाची सही. एप्रिलातल्या नववर्षाच्या आधी वर गेला पाहिजे."

निवडणुकीनंतर दोन पक्षांचं राज्य, म्हणून वरपासून खालपर्यंत सगळं दोन-दोन. दोन पंतप्रधान, दोन प्रमुख, दोन शिक्के, दोन ड्रायव्हर. शिष्टाचाराला दोन प्रमुख असले तर बिघडलं कुठे? फार तर पाहुण्याच्या गळ्यात दोन हार पडतील. पण तपासणीला? एकाने सही केली की दुसरा म्हणतो, बघतो. आणि मग कुणीच बघत नाही.

१४ फेब्रुवारी

आज सोमवार, म्हणजे लोमबाई आलीच. सहा सोमवार बघतेय. शहराबाहेर तिचं कमळांचं तळं आहे. फुलं आणि बिया विकून तीन मुली वाढवल्या. आता कुणीतरी त्यात वाळू ओततंय, बंगला बांधायला. "परवानगी आहे," म्हणतात ट्रकवाले. कुणाची, ते सांगत नाहीत.

तिचा अर्ज आठ महिने तपासणीत पडून आहे. एक सही झाली, दुसरी बाकी. प्रशासनाचे दोन्ही प्रमुखच सध्या तपासणीही बघतात, त्या दोघांकडे गेले. जुन्या पक्षाचे महामहिम ऊक म्हणाले, "मी तर केव्हाच केली." राजाच्या पक्षाचे महामहिम नोरिन म्हणाले, "त्यांनी आधी केली, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार." घ्या!

लोमबाई पायरीवर बसून बिया सोलत होती. मला म्हणाली, "बाईसाहेब, दोघांपैकी मोठा कोण, तेवढं सांगा. मी त्याच्याच पाया पडते. दोन-दोनदा वाकून कंबर गेली माझी."

मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

२४ फेब्रुवारी

माझ्या हातून घोडचूक. तक्त्यात प्रशासनाच्या दोन प्रमुखांच्या चौकटी काढल्या, आणि कागद तिरका बसला म्हणून नोरिनसाहेबांची चौकट जराशी खाली गेली. जराशी म्हणजे तीन मिलिमीटर. त्यांनी फूटपट्टी मागवली. खरंच मागवली! मोजून म्हणाले, "मला ऊकच्या हाताखाली घातलंस?"

चौकट वर घेऊन तक्ता पुन्हा काढला. मग ऊकसाहेब आले. आपण डावीकडे का आणि ते उजवीकडे का? मी म्हटलं, साहेब, कागद उलटा धरा, तुम्ही उजवीकडे याल. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

एवढा वेळ यांनी त्या तळ्याला दिला असता तर?

२५ फेब्रुवारी

तक्ता अकराव्यांदा काढला. तपासणीच्या जागी एकच चौकट. मुद्दाम जाड रेघेची.

१४ मार्च, सोमवार

आज बैठक झाली. गेल्या नऊ महिन्यांत ऊक आणि नोरिन यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या विरुद्ध.

"एकच प्रमुख? कुणाचा माणूस?" ऊक.

"तक्रार करणाऱ्याचा," मी.

"बाई, चेष्टा नको. दोन सह्या म्हणजे समतोल. एकमेकांवर नजर राहते."

"एकमेकांवर राहते साहेब, कामावर राहत नाही. नऊ महिन्यांत या कार्यालयाने एकही तपासणी पुरी केलेली नाही. एक दाखवा, मी आत्ता दुसरी चौकट काढते."

ऊकसाहेबांनी तक्ता बाजूला सारला. मग नोरिनसाहेब हळूच म्हणाले, "रतनकिरीच्या जंगलात आमच्या कचेरीला मसुदे लिहिणारं कुणी नाही म्हणे. तिथली हवा तुम्हाला मानवेल."

म्हटलं, "पाठवा. तिथे डास तरी एकाच पक्षाचे असतील."

बाहेर आल्यावर हिशेब केला. दोन मुलं शाळेत, नवरा नाही, आणि मी जिभेला लगाम घालत नाही. पण शब्द मागे घेणार नाही. भात खाता खाता पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, जंगलात शाळा आहे का?" मी म्हटलं, जाणारच नाही तर शाळा कशाला हवी.

२१ मार्च

लोमबाई म्हणते, अर्धं तळं बुजलं. आता एकाच बाजूला कमळं उरली आहेत. ट्रक रोज येतात. पावसाळ्याआधी सपाट करणार म्हणे.

माझ्यासाठी बियांची पुडी आणली होती. लाच नको, म्हटलं. "लाच कसली? उरलेल्या बाजूच्या आहेत. पुढच्या वर्षी मिळायच्या नाहीत, म्हणून खा." खाल्ल्या.

८ एप्रिल

प्राक काकांनी माझं घोडं पुढे दामटलं! दोन्ही पंतप्रधानांच्या माणसांसमोर माझा तक्ता ठेवला आणि म्हणाले, एकच खुर्ची, एकच सही, आणि त्या खुर्चीवर थाविन. ती कोणत्याच पक्षाची नाही. दोघांनाही सारखीच नावडते.

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना पटलं म्हणे.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "काका, मी तक्ता काढणारी. खुर्चीवर बसणारी नव्हे."

"एकोणऐंशी साली तू टाइपरायटरसमोरही बसणारी नव्हतीस. सक्तीच्या मजुरीच्या शेतातून आली होतीस, बोटं फुटलेली. बसलीस की नाही?"

बसले होते. देशात तेव्हा पैसाच चालत नव्हता, पगार म्हणून डब्याने तांदूळ मिळायचा. माझा डबा कमी भरला की ते आपल्या डब्यातले दोन मुठी माझ्यात टाकायचे आणि वर म्हणायचे, "मला भात पचत नाही." आई गेली तेव्हा चितेची लाकडंही त्यांनीच मिळवली. युद्धाने ओस पडलेल्या या शहरात त्या वेळी लाकूड कुठे होतं? माझं जे काही आहे ते या माणसामुळे. नाही कसं म्हणू? आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं.

१४ एप्रिल

नववर्ष. काकांच्या घरी जाऊन रिवाजाप्रमाणे त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घातलं. काकूंनी मासळीच्या रश्शातल्या शेवया वाढल्या. काका म्हणाले, "आता तू आमच्या घरातली प्रमुख." सगळे हसले, मीही हसले.

१८ एप्रिल, सोमवार

हुकूम आला. तपासणी कार्यालय: प्रमुख एक, सही एक, शिक्का एक. नोरिनसाहेबांनी अभिनंदन केलं आणि चौकटीची उंची पुन्हा मोजली. ऊकसाहेबांनी नुसती मान हलवली. हलवू देत.

लोमबाईला पायरीवरच सांगितलं, "आता एकदाच वाका." ती वाकली नाही. म्हणाली, "आधी ट्रक थांबवा, मग वाकते." बरोबर आहे तिचं.

पहिली फाईल तिचीच. दोन तपासनीस आजच तळ्यावर पाठवले. परवानगीचा कागद मिळाल्याशिवाय परत यायचं नाही, असं बजावलंय.

२५ एप्रिल

जमीन खात्याने कागद द्यायला नकार दिला. "वरून विचारून सांगतो." मी स्वतः गेले, टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. दुपारचा डबा तिथेच उघडला. फोडणीची खारवलेली मासळी होती, वास साऱ्या मजल्यावर पसरला. तीन वाजता कारकून म्हणाला, "बाई, उद्या पाठवतो, पण घरी जा."

पाठवला नाही तर परत येईन आणि परत तोच डबा आणीन.

२ मे, सोमवार

कागद आला. तळं भरण्याची परवानगी, खाली प्राक काकांची सही. 'प'च्या शेपटाला तो वळसा, पंधरा वर्षं ओळखते मी. बंगला त्यांच्या जावयाचा. 'आमच्या घरातली प्रमुख' म्हणाले होते, ते का हे आता कळलं.

दोन खुर्च्या असत्या तर आज मीही म्हणाले असते — मी बघते, दुसऱ्यांची सही बाकी आहे. वर्षभर म्हटलं असतं.

काम थांबवण्याचा हुकूम लिहिला, चौकशीत पहिलं नाव त्यांचं घातलं. सही केली. शिक्का दोन्ही हातांनी मारला.