बाळंतविड्यातली मोटार

वणी,
ता. १४ डिसेंबर १९५८

चिरंजीव सदाशिवराव यांस मारोतरावाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे. तुमचे पत्र पोचले. मुकुटबनकडे कापसाची दुसरी वेचणी आटोपत आल्याचे आणि मातोश्रींचा दमा या थंडीत आटोक्यात असल्याचे वाचून समाधान वाटले. आमच्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकापासून थेट नाक्यापर्यंत कापसाच्या बैलबंड्या उभ्या आहेत. मॅनेजरने हंगामात आजारी पडू नये असा नियम कोठे लिहिलेला नाही, परंतु मी तो पाळतो.

तुमची बहीण विमल हिची प्रकृती उत्तम आहे. सातवा लागला. शेजारच्या बायकांनी डोहाळजेवणाचा घाट घातला आहे. तो झाला की पहिल्या बाळंतपणाच्या रिवाजाप्रमाणे तिला मुकुटबनला पोचवतो.

आता मोटारीविषयी. दोन माणसांची, कापडी टपाची गाडी लेकुरवाळ्या घराला उपयोगाची नाही, असे तुम्ही लिहिले. मातोश्री मागे येथे आल्या होत्या तेव्हा त्यांनीही विचारले होते, "जावाईबापू, माय अन् लेकरू काय पाखरावानी उघड्यावर फिरतीन काय?" त्या प्रश्नाचे उत्तर आता तयार आहे. हिरवी मॉरिस मी विकली.

तुम्हांस ठाऊक आहेच, स्वातंत्र्याच्या वर्षी पांढरकवड्याचा इंग्रज जंगल अधिकारी मायदेशी निघाला तेव्हा ती मी घेतली. त्या वेळी मी अविवाहित होतो आणि लवकर विवाहित होण्याचे चिन्हही नव्हते. दर रविवारी ती मी स्वतः धूत असे. रहमत मिस्त्रीला हात धुतल्याशिवाय बॉनेट उघडू देत नसे. गाडीत शेंगा खाऊ नयेत, पायदानावर चपला झटकाव्यात, टप खाली करू नये कारण रस्त्याचा फुफाटा गादीवर बसतो, असे काही साधे नियम होते. त्यांवर विमल म्हणे, "हे मोटार हाय का देव्हारा? म्हनत असान तं प्रदक्षिणा घालतो." असो.

गाडी खेमसिंग कंत्राटदाराने घेतली. त्याच्याकडे बैलबंड्यांचा ताफा असताना त्याला मोटारीची काय गरज, हे मी विचारले. तो हसून म्हणाला, "सायेब, कागद माह्या नावानं करा. चालवन कोन, ते नका पुसू." कागद रीतसर झाल्यावर मी काही विचारण्याचे कारण उरले नाही. ती नेली तेव्हा मी फॅक्टरीत होतो. ती वेळ मीच ठरवून दिली होती.

तिच्या जागी चांद्याच्या एका डॉक्टरांची बंद गाडी घेतली आहे. चार दारे, राखी रंग, काचा नीट लागतात. तिच्यात दोष काढण्यास जागा नाही.

मला वाईट वाटत असेल अशी काळजी मातोश्रींना वाटत असल्यास त्यांना सांगावे की, तसे नाही. उलट मला एक प्रकारचे समाधान आहे. ते कशाचे, हे पत्रात लिहिण्याजोगे नाही.

मातोश्रींस साष्टांग नमस्कार. विमलचा तुम्हांस आशीर्वाद.

तुमचा,
मारोतराव


वणी,
ता. १९ मे १९५९

श्री. सदाशिवराव यांस नमस्कार.

ऊन फार आहे. हंगाम संपून फॅक्टरी बंद झाली. यंत्रे पुसून, तेल घालून ठेवली. विहिरीचे पाणी खाली गेले आहे, तथापि घरात माणूस एकच असल्यामुळे ते पुरते. विमल आणि मुलगी या दोघी तुमच्याकडेच आहेत. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. परंतु त्या विषयाकडे वळण्याआधी गाडीचा मजकूर मला पुरा केला पाहिजे, कारण तुमच्या घरी तो अर्धवट सांगितला जातो असे माझ्या कानावर आले आहे.

मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली. शांती झाल्याशिवाय बापाने तिचे तोंड पाहू नये, आणि पाहताना प्रथम तेलातले प्रतिबिंब पाहावे, असा मातोश्रींचा आग्रह पडला. माझा त्यावर विश्वास नाही. तरीही मी मुकुटबनला आलो नाही, कारण चूक झालीच तर तिचा दोष आयुष्यभर माझ्याकडे राहिला असता. त्यातच शांतीसाठी ठरलेल्या पहिल्या दिवशी विमलला ताप होता. म्हणून ती पुढल्या मूळ नक्षत्रावर, येथे माझ्या घरी करावी आणि त्याच दिवशी बारसेही करावे, असे तुमच्याशीच ठरले. मायलेकींना आणण्यासाठी बंद गाडी मी धुऊन तयार ठेवली होती. तुमचा निरोप आला, 'मामाच पोचवून देईल, तुम्ही निघू नये.' मी निघालो नाही.

त्या सकाळी अंगणात भटजी बसले होते. परातीत तेल ओतून झाले होते. शेजारच्या नंदाबाई भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. रहमत आणि खेमसिंगही होते. त्यांना मी बोलावले नव्हते, आणि ते का आले हे मला तेव्हा कळले नाही.

भोंगा मी नाक्यापासून ओळखला.

टप खाली केलेला होता. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटे, पुढे आंब्याची पाने, मागे दोरीने बांधलेला पाळणा. तुम्ही डोक्याला उपरणे गुंडाळून चालवीत होता. शेजारी विमल मुलीला दुपट्यात झाकून बसली होती. तिचा पदर खांद्यावर उडत होता आणि ती हसत होती. नऊ वर्षांत त्या गाडीत ती अशी हसलेली मला आठवत नाही. ही गोष्ट मी येथे का लिहिली ते मला सांगता येणार नाही. पण खोडत नाही.

पुढचे संभाषण जसे झाले तसेच लिहितो. काही कमीजास्त असल्यास दुरुस्त करावे.

तुम्ही म्हणालात, "घ्या भाऊजी, बाळंतविडा आनला. पोरीच्या मामानं देल्ला, नाही म्हनता येत नाही."

खेमसिंग म्हणाला, "खरी घेनारी पारटी पायली ना सायेब? म्हनूनच पुसू नका म्हटलं होतं."

रहमत म्हणाला, "साब, मैके जाके आयी है. मिठाई खिलाव."

सगळे हसले. भटजीही हसले. मी तुम्हांला विचारले, हे कोणी ठरवले. विमल गाडीतूनच म्हणाली, "मीनं. तुमी ते इकाचं ठरवलं त्या दिसापासून जेवत नव्हते. मीनं सदाले म्हटलं, बाहेर जाऊ देऊ नको, लेकरू झालं का घरी आनू."

मी जेवत होतो. एवढी दुरुस्ती मी तेथेच केली. त्यानंतर मी म्हणालो की ही गाडी मी विकली आहे. विकलेली वस्तू माझ्या अंगणात उभी राहणार नाही. ती परत न्यावी.

तुम्हांला ती थट्टा वाटली. "भाऊजी, आता काय वापस नेऊ?"

"होय."

विमलचा एक पाय पायदानावर होता. ती म्हणाली, "लेकराले ऊन लागून राह्यलं. आंदी आत तं घ्या आमाले, मंग भांडा दोघंबी."

मी म्हणालो, "आधी गाडी."

तुमच्या घरी माझ्या नावावर पुष्कळ शब्द सांगितले जातात. मी उच्चारलेले शब्द इतकेच होते. ते ऐकून तिने पाय वर घेतला आणि म्हणाली, "चाल सदा. हे गाडी वापस जाईन तं मीबी वापस जातो." तुम्ही माझ्याकडे पाहिले. मी काही बोलेन म्हणून तुम्ही इंजिन बराच वेळ नुसते चालू ठेवले, हे मी मान्य करतो. नंदाबाईंच्या हातातला भाकरतुकडा ओवाळायचा राहून गेला. भटजींनी परातीतले तेल परत डब्यात ओतले.

तुम्ही फसवले म्हणून मी रागावलो, असे मी सर्वांना सांगितले आहे. जिनिंगमधील लोकांना, नंदाबाईंना, रहमतला. ते कारण ऐकणाऱ्याला पटते. तुम्ही गाडी सोडण्याचा उपदेश पत्रातून केला आणि तीच गाडी आडून घेतली, कोणीही रागावेल. परंतु तुम्ही ती स्वतःसाठी घेतली नव्हती, हे मला घराच्या फाटकातच कळले होते. तेव्हा ते कारण पुरत नाही, आणि न पुरणारे कारण मी फार दिवस वापरू शकत नाही.

खरे कारण लिहितो. मी बावन्न वर्षांचा आहे. विमलला दिवस गेल्याचे कळले तेव्हा फॅक्टरीत माझ्या पाठीमागे काय बोलले जात होते ते मी ऐकले आहे. 'पोरगी न्हाती होईन तवा सायेब काठी टेकत असन.' त्यांचा हिशेब बरोबर होता. या मुलीला देण्यासारखे तारुण्य माझ्याजवळ नाही, पुढची पुष्कळ वर्षेही नाहीत. तिला खांद्यावर घेऊन मी पळणार नाही. माझ्या आवडीची वस्तू या जगात एकच होती. ती मी तिच्यासाठी, तिचा जन्म होण्याच्या आत, कोणी हात धरून न नेता सोडून दिली. खेमसिंग गाडी घेऊन गेला त्या संध्याकाळी मी रिकाम्या पडवीत बसलो होतो, आणि सदाशिवराव, मी बाप झालो असे मला वाटले. जन्माची तार आली तेव्हाही इतके वाटले नाही.

तेच तुम्ही कुंकू लावून, पाने बांधून, चार लोकांदेखत माझ्या हातात परत ठेवले आणि वर म्हणालात, नाही म्हणता येत नाही. विमलला वाटले मी गाडीवाचून झुरतो. तुम्हांला वाटले मला आनंद होईल. रहमतला मिठाई हवी होती. या सोडण्यात माझे काही होते, असे तुमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. मी कोणासाठी काही सोडीन हे तुम्हां कोणाला खरेच वाटले नाही. तुम्ही मला तितके ओळखून आहात.

मागच्या आठवड्यात रहमत तुमच्या विहिरीवरचे इंजिन दुरुस्त करून आला. त्याच्याबरोबर विमलने निरोप पाठवला. तो तिच्याच शब्दांत त्याने सांगितला: "त्यायले म्हना, हे पोरगी मोठी झाली का तिले रोज आयकाव लागन का तुह्यासाठी मी गाडी सोडली. त्याहून ते गाडी दारात उभी राह्यलेली काय वाईट होती?"

हे वाक्य मी उलटसुलट तपासून पाहिले. त्यात चूक काढता येत नाही. मी ते मुलीला रोज ऐकवले नसते. परंतु ऐकवण्यासाठी जपून ठेवले असते, हे ती जाणते. नऊ वर्षे एका घरात राहिल्याचा हा परिणाम आहे.

क्षमा मागावी असे मातोश्रींचे म्हणणे असल्याचे कळले. माझ्याकडून ते होईल असे वाटत नाही. मी चुकलो असे मला वाटत नाही. मी एकटा पडलो, एवढे दिसते; ते अमान्य कसे करणार?

आता कामाचे. भटजींनी पंचांग पाहून पुढील मूळ नक्षत्राचा दिवस काढून दिला आहे. सोबतच्या चिठ्ठीत आहे. विधी मुकुटबनला केला तरी चालतो, असे ते म्हणतात. तुमची हरकत नसल्यास मी त्या दिवशी इतर उतारूंबरोबर सर्व्हिस मोटारीने येईन. बंद गाडी आणणार नाही. ती आणली तर मी न्यायला आलो असा अर्थ होईल, आणि विमल निघाली नाही तर मागची गादी रिकामी घेऊन एवढा रस्ता चालवीत यावे लागेल. तेवढे माझ्याच्याने होणार नाही.

हिरवी गाडी तुमच्या दारात असली तर असू द्यावी. झाकू नये, हलवू नये. तिच्याविषयी मी बोलणार नाही. तुम्हीही बोलू नये. तेल मी येथून आणीन. विमलने माझ्याशी बोलावे की नाही, हे तिने ठरवावे. मुलगी तिने परातीवर तेवढी धरावी. ती दुसऱ्या कोणी धरली तर मी पाहणार नाही.

मातोश्रींस साष्टांग नमस्कार. विमलला काय लिहावे ते सुचत नाही. हे सबंध पत्र तिला वाचून दाखवले तरी चालेल, आणि न दाखवले तरी मला कळणार नाही.

मुलीचे बारसे तुम्ही तिकडे उरकून घेतले, हेही रहमतकडूनच समजले. मी त्याला नाव विचारले. तो म्हणाला, "नाव तं चांगलं होतं साब, आता ध्यानात नाही राह्यलं." त्याला पुन्हा विचारणे मला शोभले नाही. तुम्ही कळवावे. पत्राच्या शेवटी लहानांस आशीर्वाद लिहिण्याची पद्धत आहे, आणि त्याला नाव लागते.

चि. ____________ हिस अनेक आशीर्वाद.

मारोतराव