सात पापं आणि तीन दात

शनिवार, २

फादरांनी आज मला मध्येच थांबवलं. पापनिवेदनात! मी तिसऱ्या पापावर होतो. जाळीपलीकडून म्हणाले, "तुमची यादी मला पाठ झाली आहे. निदान क्रम तरी बदला."

गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. लहानपणी शिकवलं त्याच क्रमाने मी गेली तीस वर्षं सांगतो आहे. सगळी सांगितली की एखादं राहून जाण्याची भीती नाही. फादर म्हणाले, ही कबुली नाही, हजेरी आहे. पापं मोजत बसू नका, मूळ शोधा. प्रत्येक पापासमोर एक सद्गुण उभा असतो, आणि सद्गुण म्हणजे सवय. आधी टोचते, मग बसते. (हे मला कळलं. मी कवळ्या बनवतो.) रोज थोडं करा, लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी या.

मग विचारलं, सातांत सगळ्यात जड कोणतं? मी म्हणालो, खादाडपणा. फादर म्हणाले, "पुन्हा बघा."

म्हणून ही वही. कामावरचीच आहे. पहिल्या दोन पानांवर लोकांच्या दातांचे रंग लिहिले आहेत, ते तसेच ठेवले.

रविवार, ३

हिला विचारलं, माझं सगळ्यात मोठं पाप कोणतं? ही बटाटे सोलत होती. म्हणाली, "सात आहेत ना? मग रांगेत उभी राहू देत."

एकोणतीस वर्षांचा संसार, आणि ही मदत.

सोमवार, ४

खादाडपणापासून सुरुवात. त्यासमोर संयम. सकाळी केकचा एकच तुकडा घेतला, तोही कडेचा. फार हलकं वाटलं. कामावर टेबलाच्या खणात बिस्किटांचा पुडा होता.

होता.

मंगळवार, ५

आज आळस. त्यासमोर उद्योग. पाचला उठलो. स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी केली, पुसली, सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. फार देखणं दिसत होतं. हिला पाऊण तास मीठ सापडेना. म्हणाली, तुमचा आळस कुठे ठेवलात ते सांगा, मी आणून देते.

बुधवार, ६

लोभासमोर औदार्य. बसस्टॉपवर एक गृहस्थ भिजत उभे होते. त्यांना छत्री देऊन टाकली. ते नको म्हणत होते, बळंच दिली. घरी भिजत आलो, पण मनात ऊब होती.

छत्री हिची होती. म्हणजे हिच्या मैत्रिणीची.

गुरुवार, ७

वासनेसमोर शुद्धता. दिवसभर मन शुद्ध ठेवलं. दिवसभर गुलाबी हिरड्या घासत होतो, त्यामुळे विशेष त्रास झाला नाही.

शुक्रवार, ८

क्रोधासमोर सहनशीलता. आणि नेमक्या आज मुख्याध्यापिका बाई आल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर आमचे दातांचे डॉक्टरसुद्धा हात मागे बांधून उभे राहतात. डॉक्टरांचा दवाखाना पुढे, माझी खोली मागे. दात दुखायला लागले की लोक पुढे येतात, आणि कवळी बिघडली की थेट मागे माझ्याकडे.

बाईंची वरची कवळी चौथ्यांदा परत आली. तक्रार तीच. त्या 'स' म्हणाल्या की शिट्टी वाजते. मी म्हणालो, म्हणून दाखवा. बाई म्हणाल्या, "सकाळी साडेसातला सुरू होते." चार शिट्ट्या. बाहेर कोणाचा तरी कुत्रा उभा राहिला.

एरवी मी म्हणालो असतो की बाई, कवळी बरोबर आहे, तुमची जीभ चुकते. आज नाही म्हणालो. निळा कागद चावायला दिला, डाग बघितले, केसाएवढं घासलं, पुन्हा दिला, पुन्हा घासलं. अकरा वेळा. शेवटी शिट्टी गेली. बाईंनी मला शाबास म्हटलं. या वयात शाबास! मी आनंदाने दारापर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत डॉक्टरांवर खेकसलो, कारण त्यांनी मध्येच हाक मारली.

शनिवार, ९

गर्वासमोर नम्रता. संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सेला नेहमीचा दुसरा बाक सोडून अगदी शेवटच्या बाकावर बसलो. खांबाआड. कोणी बघितलं का म्हणून खांबाआडून डोकावत राहिलो. कोणी बघितलं नाही. त्याचा राग आला. एका बाकावर दोन पापं!

उरला मत्सर. त्यासमोर दयाबुद्धी. पण माझ्यात मत्सर नाही. कोणाचा करू? मेहुण्याचा? त्या माणसात मत्सर करण्यासारखं आहे काय? फक्त आवाज. आणि केस. आणि हसणं. आणि तो वरच्या मजल्यावर राहतो, तिथे ऊन येतं. मिस्सेत शास्त्रपाठ वाचायला उभा राहिला की बायका पदर सावरतात आणि पुरुष खोकायचे थांबतात. मी वाचायला उभा राहिलो होतो एकदा. खोकले.

नाही, मत्सर नाही. सहाच पापं धरू.

सोमवार, ११

खरं लिहायचं तर मेहुण्याशी माझं बोलणं नाही. दीड वर्ष झालं.

तो हिचा थोरला भाऊ. कामानिमित्त दोन वर्षं परगावी होता. परत आला त्याच आठवड्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. भरल्या घरात सगळ्यांसमोर ग्लास उंचावून म्हणाला, "आमचे भावोजी हसत नाहीत. दात मोफत दाखवणं त्यांच्या धंद्यात बसत नाही." घर हसून हसून आडवं झालं. हीसुद्धा हसली. मी आत जाऊन पडलो. तेव्हापासून मी त्याच्या कॉलरच्या वर पाहिलेलं नाही. जिन्यात भेटला तर बटणांना नमस्कार करतो.

ही दर रविवारी जेवायला वर जाते. एकटी. मी खाली सूप गरम करून घेतो. वरून हसण्याचा आवाज येतो.

हे आज पहिल्यांदाच लिहिलं. वाचून बघितलं तर फार छोटं दिसतंय.

मंगळवार, १२

मेहुणा आला!

घरी नाही, कामाच्या खोलीत. तोंडावर रुमाल धरून. मला वाटलं, कोणी मारलं. (वाईट वाटायला हवं होतं. आधी कुतूहल वाटलं.) रुमाल खाली केला. वरचे पुढचे तीन दात नाहीत. नुसती खिडकी.

मग सांगितलं. परगावी असताना सायकलवरून पडला होता, तिथेच तीन दातांची छोटी कवळी बसवून घेतली. काल तोंड धुताना ती बेसिनमध्ये पडली, तुकडे झाले, टाकून दिले. रविवारी शास्त्रपाठ वाचायचा आहे.

म्हणजे ते हसणं! ज्या हसण्यावर अख्खी गल्ली फिदा, ते हसणं खोटं होतं. आणि मी, तीस वर्षं कवळ्या बनवणारा माणूस, मला कळलं नाही. कॉलरच्या वर बघितलं असतं तर कळलं असतं.

तो उभाच होता. बसा म्हणायचं माझ्या ध्यानात आलं नाही. एवढा मोठा आवाज त्याचा, पण आज फुसफुसत म्हणाला, "भावोजी, मला तुमची मदत हवी आहे. दुसऱ्या कोणाकडे जायचं नाहीये."

मी म्हणालो, आ करा.

बुधवार, १३

साचा ओतला. मेणात तीन दात लावले. रंग जुळवला. हे सगळं दुपारपर्यंत. मग एक विचार आला तो लिहून ठेवतो, कारण फादरांनी सगळं लिहा म्हटलं आहे.

मधला दात केसभर पुढे घेतला तर 'स' ला शिट्टी वाजते. शुक्रवारी अकरा वेळा घासून हेच तर शिकलो. रविवारचा पाठ काढून वाचला. बावीस 'स' आहेत. सहा 'श' वेगळे.

दात पुढे घेतला. मेणात घेतला, मेण काय, पुन्हा मागे घेता येतं. नुसता बघत बसलो. तो उभा राहतो, घसा साफ करतो, बायका पदर सावरतात, आणि पहिल्याच ओळीला... एकटाच हसलो. इतका हसलो की डॉक्टर डोकावून गेले. मग लक्षात आलं, मी दीड वर्षात असा हसलो नव्हतो, आणि हसायला हे निमित्त लागलं.

तेवढ्यात ही डबा घेऊन आली. दात बघितले. म्हणाली, "अगदी दादाचं हसणं." मग वाकून जवळून बघितलं. एकोणतीस वर्षं माझ्यासोबत काढली आहेत, नजर तयार आहे. म्हणाली, "मधला पुढे का आहे?"

मी म्हणालो, बघतोय.

हिने डबा ठेवला. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं ना, सगळ्यात मोठं कोणतं. दर रविवारी मी वर जेवते तेव्हा तुमचं ताट मांडते. दादा काढू देत नाही." आणि गेली.

दात मागे घेतला. तीनदा घ्यावा लागला.

डबा तसाच राहिला. संयम नव्हे.

गुरुवार, १४

दुपारी फादरांना रस्त्यात गाठलं. ते भाजी घेत होते. मी विचारलं, मत्सर म्हणजे नक्की काय? भोपळा हातात तोलत म्हणाले, दुसऱ्याचं चांगलं झालं की आपल्याला वाईट वाटणं, जणू ते आपल्याच ताटातून उचललं. मी विचारलं, आणि त्यावर दया कशी करायची, आतून वाटत नसेल तर? म्हणाले, वाटण्याची वाट बघू नका. त्याचं भलं होईल असं काहीतरी करा, आणि नीट करा. वाटणं मागून येतं, कधीकधी फार मागून.

मग माझ्याकडे बघून विचारलं, यादी कुठवर आली? मी म्हणालो, एकवर.

शुक्रवार, १५

कवळी पूर्ण. पॉलिश केली. मधल्या दाताच्या कडेला अगदी बारीक पिवळी रेघ दिली, शेजारच्या खऱ्या दाताला आहे तशी. डावा किंचित तिरपा ठेवला. फार नीट दात खोटे दिसतात. तारा अशा वळवल्या की हसताना दिसू नयेत.

तीस वर्षांत इतकं चांगलं काम झालं नाही माझ्याकडून. हा गर्व आहे. राहू दे.

शनिवार, १६

मेहुण्याला बसवून दिली. निळा कागद, चावा, घासा. मग म्हणालो, पाठ वाचा. कामाच्या खोलीत, साच्यांच्या कपाटासमोर उभा राहून त्याने सगळा पाठ वाचला. बावीस 'स', सहा 'श'. एक शिट्टी नाही.

आरशात बघून तो हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, त्या दिवशी पार्टीत जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, विनोद चांगला होता. तो म्हणाला, चांगला होता, पण तुमच्या घरात, तुमच्यावर नको होता.

मी म्हणालो, दोन दिवस कडक काही चावू नका.

रविवार, १७

दुसऱ्या बाकावर बसलो. नम्रता पुढच्या वेळी बघू. मेहुणा वाचायला उभा राहिला. बायकांनी पदर सावरले. मुख्याध्यापिका बाई मागून वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "उच्चार किती स्वच्छ आहेत यांचे." मी म्हणालो, हो ना.

वाईट वाटायची वाट बघत होतो. वाटलंही, थोडंसं, सवयीने. पण त्या वाईट वाटण्याला बसायला जागा सापडेना, कारण तोपर्यंत मी प्रत्येक 'स' ला श्वास धरून बसलो होतो, तो नीट पार पडावा म्हणून.

जेवायला वर गेलो. ताट मांडलेलं होतं. तीनदा वाढून घेतलं. खादाडपणा, तो आहेच.

रविवार, संध्याकाळ

निघताना घाईत मेहुण्याचा कोट घालून आलो. घरी आल्यावर खिशात काही टोचलं. छोटी डबी. आत ओल्या कापसात तीन दातांची कवळी. जुनी. अखंड. साधा चरासुद्धा नाही.

हिला दाखवली. ही कपडे घड्या करत होती. म्हणाली, "दादाही गेला होता पापनिवेदनाला. फादरांनी त्याला सांगितलं होतं, ज्याच्यापुढे मान वाकवणं तुम्हाला सगळ्यात जड जातं, त्याच्याकडे जाऊन काहीतरी मागा."

डबी होती तशी बंद करून त्याच खिशात ठेवली. कोट द्यायला वर जातो आहे.