घोड्यावरचा सांगाडा

४ मार्च
रिपोर्ट आला. धाकट्या बहिणीची गाठ वाईट निघाली. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत अशाच गाठींचे नमुने हाताळले, मला कुणी समजावायची गरज नव्हती. तिला सर्जननी अर्धा तास समजावलं. बारा तारखेला ऑपरेशन. ही म्हणते, "पत्त्यांना विचारून कळवते." सर्जनच्या तोंडाकडे बघवेना!

५ मार्च
रोज चहाआधी एक पत्ता ओढायचा, ही तिची वीस वर्षांची रीत. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकं येतात — नवरा परत येईल का, नोकरी टिकेल का. ही टॅरोची गड्डी पिसते, चित्र उलटून भविष्य सांगते, गिऱ्हाइकं माना डोलावतात. मी आतून कडी लावते.
आज म्हणाली, "हवा तो पत्ता आला की त्याच दिवशी भरती होते, ताई. तुझी शपथ."
"कुठला पत्ता?"
"सांगितलं तर हसशील."
मी पुढे विचारलं नाही. थोतांडाची चौकशी काय करायची!

६ मार्च
ती अंघोळीला गेल्यावर गड्डी चाळली. अठ्ठ्याहत्तर चित्रं. एकावर चिलखतातला सांगाडा, पांढऱ्या घोड्यावर. पुढ्यात मेलेली माणसं. हा निघाला तर बाई दवाखान्याची पायरी चढायची नाही. काढून घेतला, माझ्या जाड शब्दकोशात दाबून ठेवला. खराब नमुना बाजूला काढतात तसा.

१२ मार्च
पत्त्यांत सूर्य निघाला! हसरा, तेजस्वी. मी बॅग उचलली.
"हा नाही," ती म्हणाली. तारीख रद्द.

९ एप्रिल
चंद्र, रथ, पेले, तलवारी. "हा नाही. हाही नाही."
"अगं, हे पत्ते आहेत की तुझ्या सासूबाई? कधी हो म्हणायचे नाहीत!"
खूप हसली. मग काखेत हात दाबून धरला.

१९ मे
पंधरा दिवस पाठ दुखतेय म्हणून तपासण्या केल्या. हाडांत पसरलंय. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता कापून उपयोग नाही. मार्चमध्ये आला असतात तर —" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

२० मे
तिला मीच सांगितलं. रडली नाही. गड्डी हातात घेऊन म्हणाली, "इतकी पिसली, पण सांगाडा काही आला नाही बघ."
"सांगाडा?"
"घोड्यावरचा. लोक उगाच भितात गं त्याला. जुनं कापून टाक, नव्याने सुरू कर, असं सांगतो तो. तो आला की जाणार होते. अडीच महिने रोज वाट पाहिली."
मी उठून चहा ठेवला. आधण आटून भांडं करपेपर्यंत उभी होते.
तीस वर्षांत एकही नमुना मी चिठ्ठी न वाचता बाजूला काढला नव्हता.

२१ मे
पत्ता परत घातला. मधोमध.

२४ मे
आज निघाला. पिसून पिसून तिचे सगळे पत्ते वाकलेत. तिने याच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.
"ताई, हा एकटाच इतका सपाट कसा गं?"